एका गल्ल्यावर तिघं बसत नाहीत : पिढीगणिक फुटत जाणारे घरचे धंदे

विहीरवाला

मंडळी, प्रश्न घरचाच आहे, पण एकट्याने सुटत नाही म्हणून इथे टाकतोय. जरा लांबेल.

पलूस तालुक्यात आमचं दुकान आहे. मोटरपंप, पीव्हीसी पाइप, ठिबकचं सामान, फिटिंग. आबांनी, म्हणजे आजोबांनी, सुरू केलं तेव्हा त्यात नांगराचे फाळ, मोटेचा नाडा आणि घमेली-फावडी असायची. मोट गेली, ऑइल इंजिन आलं, तशा दुकानात पिस्टन-रिंगा आल्या. वीज आली तशा मोटरी आल्या. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, पाइप ठेवले, मी ठिबक आणलं. पाटी तीच, आतला माल चार वेळा बदलला. यातलं काही आम्ही बसून ठरवलं नव्हतं. गिऱ्हाईक पायरीवरूनच विचारायचं, "हे न्हाई व्हय तुमच्यात?" तिसऱ्या माणसाने विचारलं की आबा ती वस्तू मागवायचे. तीन हा त्यांचा आकडा होता.

आता धाकटा भाऊ सत्तावीस वर्षांचा झालाय. त्याला हायवेला मिसळ आणि चहाचं हॉटेल काढायचंय. जागा बघून ठेवलीय, अठरा लाखांचा अंदाज काढलाय. आप्पांचं एकच वाक्य: "हाय ते नीट करा." मी मध्ये अडकलोय.

झोप येत नव्हती म्हणून मोठ्या घराण्यांनी हे कसं केलं ते वाचत बसलो. किर्लोस्करवाडी आमच्या शेजारीच, त्यामुळे लहानपणापासून गोष्टी कानावर आहेतच, पण या नजरेने कधी बघितलं नव्हतं. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायचे आणि सायकली पाठवायचे, थोरले बंधू रामूअण्णा त्या विकायचे आणि चालवायलाही शिकवायचे. सायकलीवरून कडबा कापायच्या यंत्रावर, तिथून लोखंडी नांगरावर. नांगर काही वर्षं खपेना, लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

पुढचं बघा. पाणी उपसायला पंप. पंप फिरवायला इंजिन, म्हणून १९४६ मध्ये पुण्यात खडकीला ऑइल इंजिन. त्याच वर्षी बंगळुरात विजेच्या मोटरींची वेगळी कंपनी. त्याआधी १९४१ मध्ये हरिहरला लेथ वगैरे यंत्रं बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर. आमच्या दुकानात फाळ, इंजिनाचे भाग, मोटर हा क्रम आला तोच तिथे कारखान्यांच्या रूपाने दिसतो. शेतकरी एकच, त्याची गरज पुढे सरकत गेली.

पण एक गोष्ट या क्रमात बसत नाही. १९२० मध्ये तिथून 'किर्लोस्कर खबर' निघालं. आधी मालाची माहिती देणारं पत्रक, मग त्याचं मासिक झालं, १९३० ला 'स्त्री', १९३४ ला 'मनोहर'. हे काम पुतण्याचं, शंकररावांचं. लोखंड ओतणाऱ्या घरात एका पोराला लिहिण्या-चितारण्याची गोडी होती. त्याला लेथवर उभं केलं नाही. सुरुवात मात्र घरच्याच मालाच्या जाहिरातीने झाली.

तर प्रश्न असा: नवा धंदा जुन्यातून फुटतो की पोरांना बसवायला काढतात? आणि आमच्या मिसळीचं काय करू?

---

खर्चीवाला

इचलकरंजीहून. १९०४ ला विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग लावला, तेव्हापासून या गावात दोनच गोष्टी वाढल्या, माग आणि वाटण्या.

आमच्या आजोबांचे सोळा माग. मुलं चार. वाटणीला चार-चार. नातवंडांत ते दोन-दोन झाले असते. दोन मागांवर घर चालत नाही हे पोरालाही कळतं. मग काय होतं? एक जण सूत-व्यापाऱ्याकडे दलाली शिकतो. एक जण सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या धंद्यात, भागीदारी घेतो. एक जण मागाचे सुटे भाग ओतणाऱ्या फौंड्रीत जातो आणि पाच वर्षांत स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय घराणं आहे, सूतही यांचं, सायझिंगही यांचं, सुटे भागही यांचेच. खरं म्हणजे मागाच्या खोलीत जागा उरली नव्हती.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही. ढकलणारी जागेची अडचण असते. पण पोरगं ढकलल्यावर जिथे जाऊन पडतं ते ओळखीच्या अंगणातच पडतं. कारण उधारी तिथेच मिळते! नव्या धंद्याला बँक विचारत नाही, पण सूतवाला म्हणतो, "अमक्याचा नातू ना? ने चार बोचकी, पैसे पंधरा दिवसांनी दे." तुमच्या भावाला हायवेवर दूधवाला, किराणावाला कुणी ओळखतो का?

---

टिचकी

मिसळ हायवेला किती रुपयांना लावणार त्यावर ठरवू. 😄

---

जमाखर्च

व्यवसायाने सनदी लेखापाल, गाव सांगत नाही, पक्षकार इथे वाचतात.

विहीरवाले साहेब, किर्लोस्करांचा क्रम तुम्ही गोड मांडलाय. पण गिऱ्हाइकाची गरज सरकली म्हणून कंपन्या फुटल्या ही अर्धी गोष्ट झाली. दुसरी अर्धी सरकारी कागदात आहे आणि ती आजकालची मुलं विसरलीत.

१९५१ च्या उद्योग कायद्यानंतर कारखान्याला परवाना लागायचा, आणि परवान्यावर किती माल काढायचा तेही लिहिलेलं असायचं. समजा तुमचा पंप झपाट्याने खपतोय. आज तुम्ही दुप्पट बनवाल. तेव्हा दुप्पट बनवायला पुन्हा दिल्ली. त्यापेक्षा वेगळ्याच वस्तूचा परवाना मिळत असेल तर तो घ्या, असा हिशेब व्हायचा. एकाच झाडाला उंच वाढू द्यायचं नाही म्हटल्यावर झाड आडवं पसरणारच. १९६९ मध्ये मक्तेदारीविरोधी कायदा आला. समूहाची मालमत्ता वीस कोटींवर गेली की विस्ताराला आणखी एक चाळणी. ती मर्यादा १९८५ ला शंभर कोटी झाली आणि १९९१ ला गेली. म्हणून जुन्या घराण्यांचे पाच-सहा दिशांना गेलेले धंदे बघून "काय दूरदृष्टी!" म्हणण्याआधी त्या साली परवाना कशाचा मिळत होता ते विचारावं.

१९९१ नंतर उलटी हवा. ज्याचं जे पक्कं आहे तेवढंच ठेवा, बाकी विका किंवा भागीदाराला द्या. अमेरिकेच्या कमिन्सबरोबरची १९६२ ची किर्लोस्कर कमिन्स १९९७ मध्ये कमिन्स इंडिया झाली ती याच वाऱ्यात. त्याच साली बंगळुराजवळ बिडदीच्या, गाड्या बनवणाऱ्या टोयोटा किर्लोस्करचीही सुरुवात झाली, म्हणजे एका हाताने सोडलं, दुसऱ्याने धरलं.

आता तुमच्या घरचं. अठरा लाख कुणाच्या नावावर काढणार? दुकान भागीदारीत आहे की आप्पांच्या एकट्याच्या मालकीचं? तारण काय देणार? हे लिहा, मग मिसळीच्या चवीकडे वळू.

---

विहीरवाला

@जमाखर्च, दुकान भागीदारीत. आप्पा आणि मी. तारण म्हणाल तर दुकानाची जागा, दुसरं काय आहे.

---

जमाखर्च

मला हीच भीती होती.

एक: दोघांचीच भागीदारी असली आणि एकाचं बरंवाईट झालं, तर करारात काहीही लिहिलेलं असो, उरलेला एकटा भागीदारी चालवू शकत नाही. ती संपते. जीएसटीपासून बँक खात्यापर्यंत सगळं नव्याने. म्हणून तिसरं नाव आजच आत घ्या. घरातलंच असू दे.

दोन: हॉटेलच्या कर्जाला दुकानाची जागा तारण, म्हणजे हॉटेलचा तोटा दुकानात शिरायला दार उघडं ठेवलंत. धंदे दोन केले की खाती दोन, कर्ज दोन, जामीनही वेगळे. माझ्याकडे येणाऱ्या दहा भांडणांतली सात अशी असतात: थोरल्याने सही केली, धाकट्याने हप्ता थकवला, नोटीस दोघांच्या बापाला.

तीन: "दुकानातून तात्पुरते उचललेले" हे शब्द मी ज्या वहीत बघतो, त्या घरात पुढच्या पाच वर्षांत वाटणी होते. अनुभव आहे, शास्त्र नाही.

---

पेठेतला

सांगली जिल्ह्यातल्या माणसाने पुण्याच्या माणसाला चितळ्यांबद्दल सांगायचं सोडून किर्लोस्करांवरच थांबावं, हे बरं नव्हे. किर्लोस्करवाडीनंतर त्याच रेल्वेने जरा पुढे गेलात की भिलवडी येतं. तिथे भास्कर गणेश चितळ्यांनी १९३९ मध्ये दुधाचा धंदा उभा केला. दूध थांबत नाही. सकाळचं संध्याकाळी विकलं नाही तर त्याचं काहीतरी करावंच लागतं. चक्का, खवा, पेढा ही या धंद्यातली सुटकेची वाट. १९५० मध्ये पुढच्या पिढीतले रघुनाथराव पुण्यात आले आणि दुकान घातलं. गावाकडे डेअरी एका भावाकडे, शहरात गल्ला दुसऱ्याकडे. जनावरं कळणारा जनावरांजवळ, गिऱ्हाईक कळणारा गिऱ्हाइकाजवळ.

आता मला खरी मजा वाटते ती बाकरवडीची. तिच्यात दुधाचा थेंब नाही! डेअरीच्या तर्काने ती कुठेच बसत नाही. ती बसते काउंटरच्या तर्काने. पेढा घ्यायला आलेला माणूस बाहेरगावी निघालेला असतो, त्याला टिकणारं, तिखट, पिशवीत न सांडणारं काहीतरी हवं असतं. पेढे चार दिवसांत संपवावे लागतात, बाकरवडी नेता येते. म्हणजे धंदा कधी मालाच्या मागून जातो, कधी गिऱ्हाइकाच्या पिशवीच्या मागून.

तुमच्या भावाची मिसळ यांपैकी कशाच्या मागून जातेय?

(दुपारी दुकान बंद असण्यावरचे विनोद कृपया करू नयेत. ऐकून कान किटले.)

ता. क. सांगलीतच गाडगीळ सराफ, १८३२ पासूनचे. त्यांनी सोनं सोडून काही केलं नाही. १९५८ ला पुण्यात पेढी, आणि आता त्याच आडनावाची दोन वेगवेगळी दुकानं शहरभर. धंदा एकच ठेवला तरी फाटा फुटायचा तो फुटलाच.

---

टिचकी

दुपारी एक ते चार या धाग्यावर पेठेतल्यांचे प्रतिसाद येणार नाहीत.

---

केळीचं_पान

जळगावहून लिहितोय. आमच्याकडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, तरी मधला टप्पा लोक गाळतात म्हणून सांगतो.

भवरलाल जैनांनी १९६३ मध्ये घरची सात हजारांची शिल्लक घेऊन हातगाडीवरून रॉकेल विकायला सुरुवात केली. मग शेतीला लागेल ते: तेल, ट्रॅक्टर, पाइप, बियाणं, खत, एजन्सीमागून एजन्सी. पंधरा वर्षं निव्वळ व्यापार. १९७८ मध्ये केळीची भुकटी करणारा एक पडीक कारखाना लिलावात घेतला. केळीची भुकटी काही चालणारी नव्हती, म्हणून त्याच यंत्रांत फेरफार करून पपईच्या चिकापासून पपेन काढायला लागले आणि ते निर्यात झालं. त्यानंतर पीव्हीसी पाइप, पुढे ठिबक, मग ऊतिसंवर्धित केळीची रोपं, आंब्याचा गर, वाळवलेला कांदा.

यात दोन गोष्टी बघा. आधी रोपही त्याच शेतकऱ्याला विकायचं, पाणी द्यायची नळीही त्यालाच, आणि शेवटी त्याच्याकडूनच फळ विकत घ्यायचं. शेतकरी दोन्ही बाजूंनी दाराशी. दुसरं म्हणजे पपेन, जे या साखळीत कुठेच बसत नाही. पण कारखाना चालवायचा कसा हे हे घराणं तिथे शिकलं. व्यापाऱ्याच्या पोराला बॉयलर, मजूर, पाळी, प्रत तपासणं हे काही माहीत नसतं. पहिला कारखाना आपल्याला काय देतो ते नफ्याच्या रकान्यात दिसत नाही.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर आरती होईल. जगभर कंपन्या घेत सुटल्यावर कर्जाचा डोंगर झाला, २०१९ च्या सुमाराला हप्ते थकले, कर्जाची फेररचना झाली आणि २०२३ मध्ये परदेशातला ठिबकचा धंदा इस्रायलच्या रिव्ह्युलिसमध्ये विलीन करावा लागला. शेतात जे जमलं ते परदेशी बँकेच्या दारात तसंच जमेल असं नसतं.

---

मांडवीकाठ

गोव्याचं सांगू? इथल्या घराण्यांचं मूळ खाणीत. धेंपे, चौगुले, साळगावकर. खनिज काढायचं, बार्जमधून नदीने मुरगावला न्यायचं, जहाजात भरायचं. मग बार्ज दुरुस्त कोण करणार? जहाजबांधणी. म्हणजे तुमच्या पंप-इंजिनासारखंच. पण वर्तमानपत्रं, कॉलेजं, फुटबॉलचे संघ हे कशातून आलं? १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि पुढच्या दोन वर्षांत चौगुल्यांचं 'गोमन्तक' आणि धेंप्यांचं 'नवहिंद टाइम्स' सुरू झालं. गावाची माती न्यायची तर गावात तोंड दाखवायला काहीतरी हवं, असं माझे बाबा म्हणायचे. मला वाटतं थोडं तेही आणि थोडी खरी हौसही.

पण माझा मुद्दा वेगळा. २००९ मध्ये धेंप्यांनी खाणधंदाच विकून टाकला, सेसा गोवाला, १७५० कोटींना. ज्याच्यावर घर उभं राहिलं तोच विकला. तेव्हा पणजीत लोक चहाच्या टपरीवर म्हणायचे, सोन्याची कोंबडी विकली. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. आमच्या वाड्यावर दहा-बारा ट्रक नुसते उभे राहिले, चाकांवर गवत चढलं. ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले होते त्यांना विचारा.

नवीन काय काढायचं ते सगळे बोलतात. जुनं केव्हा सोडायचं हे कोणी बोलत नाही. विहीरवाले, तुमचा आबांचा नाडा कधी बंद झाला ते आठवतंय का कोणाला घरात?

---

विहीरवाला

@मांडवीकाठ, प्रश्न वाचला आणि आप्पांना विचारलं. हसले. म्हणाले, शेवटची मोट आमच्या शिवारातली थांबल्यावरही आबांनी सहा वर्षं दोन नाडे खुंटीला टांगून ठेवले होते. गिऱ्हाईक येईल म्हणून. शेवटी ते शेजारच्यांनी गुरं बांधायला नेले.

---

माहेरवाशीण

आतापर्यंतचे सगळे प्रतिसाद वाचले. भाऊ, मुलगा, पुतण्या, नातू. बरं.

माझे वडील धान्याचे अडते. आम्ही दोघी बहिणी, भाऊ एक. भाऊ नववीत असल्यापासून त्याला मंडईत सौद्याला घेऊन जायचे. रात्री जमाखर्च मी लिहायचे, कारण माझं अक्षर चांगलं आणि बेरीज चुकायची नाही. पुढे भावाला डाळमिल काढून दिली. मला चांगलं स्थळ बघून दिलं. डाळमिल चार वर्षांत बंद झाली. कुठे गळतंय ते मला वही बघताच दिसलं असतं, पण वही माझ्याकडे नव्हती.

हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मापासून आहे, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. पण मी हिश्शाबद्दल बोलतच नाहीये. मी बोलतेय ते कामाबद्दल. घरचे धंदे फुटतात तेव्हा कोण कुठे बसणार हे ठरतं, आणि त्या पंक्तीत अर्ध्या घराचं पान मांडलेलंच नसतं. सुनेचं नाव भागीदारीत असतं खरं, पण सही करायला. चेकबुक कपाटात सासऱ्यांच्या.

@जमाखर्च, तुम्ही लिहिलंत "तिसरं नाव आत घ्या, घरातलंच असू दे". ते नाव कुणाचं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. विहीरवाल्यांच्या घरी तुमच्या मते कोणाचं येईल?

---

जमाखर्च

@माहेरवाशीण, बरोबर पकडलंत. मी बहुधा धाकट्याचंच नाव धरून बसलो होतो. सवय.

---

विहीरवाला

माझी बायको ठिबकचे आराखडे करते. अंतर, उतार, लॅटरल किती, उपनळी कुठे टाकायची, फिल्टर कोणता. अनुदानाचे कागद तीच भरते. तिचं नाव कुठेच नाही. हे लिहिताना मला पहिल्यांदा जाणवलं, आणि ती मागे उभी राहून वाचतेय.

---

खर्चीवाला

वहिनींना नमस्कार सांगा. आणि आता पाठीमागे बघू नका.

एक भर घालतो. घराण्यातले धंदे वेगळे असले की भांडण होत नाही हा समज खोटा आहे. किर्लोस्करांच्याच पुढच्या पिढीत २००९ चं कौटुंबिक करारपत्र होतं, तरी कोणी कुठल्या धंद्यात उतरावं यावरून भावाभावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कोण बरोबर ते आपण सांगणारे कोण? पण शाखा वाढल्या की त्यांची टोकं एकमेकांना लागतातच. आमच्याकडे माझ्या चुलत्यांच्या सायझिंगचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ, आमच्याच मागावर लागायचे. दर ठरवताना दिवाळीच्या फराळाला लोक उठून जायचे. बाहेरच्याशी घासाघीस सोपी. चुलत्याशी पंधरा पैशांवरून वाद घालायचा म्हणजे आजी आजारी पडायची.

---

पेठेतला

दांडेकरांचं उदाहरण कोणी दिलं नाही. १९३१ ची शाईची भुकटी, मग कॅमल शाई, मग रंग, पेन्सिली, कंपासपेट्या. शाळेच्या दप्तरात जे जे मावतं ते सगळं. रसायनांचा भाग वेगळी कंपनी करून बाजूला काढला, आणि २०११ मध्ये कॅमलिनचा मोठा हिस्सा जपानच्या कोकुयोकडे गेला. म्हणजे एका घरात जोडणं, तोडणं, विकणं तिन्ही. आणि दप्तरातली ती उंटाची पेटी अजून तीच आहे.

---

धाकटा_०१

नमस्कार. आजच खातं काढलं. मीच तो मिसळवाला.

दादा इथे लिहितो हे मला वहिनीने सांगितलं. सगळं वाचलं. किर्लोस्कर, चितळे, जैन सगळे. चांगली माहिती आहे. पण दादाने एक गोष्ट लिहिली नाही म्हणून लिहितो.

मी पाच वर्षं दुकानात आहे. सकाळी आठला शटर मी उघडतो. मोटर जळाली म्हणून रात्री अकराला फोन येतो तो मी उचलतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर द्राक्षबागेला पाणी थांबलं तर शेतकरी रडायला येतो, त्याच्या विहिरीवर मी जातो. दुकानातून मला पगार नाही. पेट्रोलला पैसे लागले तर गल्ल्यातून मागून घ्यायचे. आप्पा देतात, नाही म्हणत नाहीत. पण देताना विचारतात, "परवा घेतलं होतंस की?" मित्राच्या लग्नात आहेर करायचा तर दादाला सांगावं लागतं.

मिसळ मला फार आवडते असं नाही. मला असा एक गल्ला पाहिजे ज्याची चावी माझ्याकडे असेल. एवढंच.

---

माहेरवाशीण

हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं.

---

केळीचं_पान

धाकटे भाऊ, मनापासून विचारतो. रात्री अकराला मोटर जळाल्याचा फोन येतो म्हणालात. मग ती मोटर जाते कुठे?

---

धाकटा_०१

सांगलीला किंवा तासगावला, रिवायंडिंगला, म्हणजे आतली जळालेली तार नव्याने गुंडाळायला. सीझनमध्ये चार दिवस लागतात. आमचं काम फक्त काढून द्यायचं. काढायलाही ट्रॅक्टरवरची क्रेन भाड्याने आणावी लागते, तोही माणूस वेळेवर येत नाही. चारशे फुटांवरची सबमर्सिबल हाताने ओढायची म्हणजे सहा माणसं. शेतकरी क्रेनवाल्याला रोख देतो, रिवायंडिंगवाल्याला रोख देतो. आमचं नव्या मोटरीचं बिल मात्र उसाचं बिल आल्यावर, नाहीतर बेदाणा विकल्यावर.

---

केळीचं_पान

तुम्ही आत्ता काय लिहिलंत ते एकदा पुन्हा वाचा.

---

खर्चीवाला

आबांचा आकडा तीन होता ना? या सीझनला किती जणांनी विचारलं, "रिवायंडिंग तुमच्यात न्हाई व्हय?"

---

धाकटा_०१

मोजलं नाही. रोज कोणीतरी विचारतंच.

पण ते केलं तरी गल्ला दुकानाचाच होणार ना?

---

जमाखर्च

तो वेगळा ठेवायचा की नाही हे कागदावर ठरतं. वेगळी पाटी, वेगळी जीएसटी नोंदणी, वेगळं खातं, मालकी धाकट्याची. दुकान त्याला गिऱ्हाईक पाठवेल, तो दुकानाकडून तार आणि बेअरिंग विकत घेईल, बिलाने, बाजारभावाने. आजी आजारी पडू नये म्हणून दर वर्षातून एकदाच ठरवायचा. क्रेनचं कर्ज क्रेनच्याच तारणावर, दुकानाच्या जागेला हात नाही. आणि वाइंडर आधी शोधा, क्रेन नंतर. कसबी वाइंडर मिळणं हीच या धंद्यातली खरी अडचण आहे, माझ्या तीन पक्षकारांचं त्याच्यावाचून अडलंय.

पण त्याच्याही आधी, विहीरवाले, पाच वर्षांचा पगार. मागचा नाही तर निदान पुढचा. नवीन धंद्याची चर्चा त्यानंतर. पगार मिळाल्यावरही त्याला मिसळच काढायची असेल, तर ती तो मिसळीसाठी काढेल.

---

टिचकी

मी मिसळीच्या बाजूने होतो. निषेध.

---

विहीरवाला

आठ दिवस इकडे फिरकलो नाही, कारण घरात बोलणं चालू होतं.

काल रात्री जेवणं झाल्यावर बसलो. आप्पा, मी, धाकटा, आई आणि ही. ही बसायची पहिलीच वेळ, आप्पांनी काही म्हटलं नाही, फक्त सतरंजीवर थोडं सरकून जागा केली. मी जमाखर्च यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. क्रेनचं आप्पांना पटलं, ते आधीपासून मनात असल्यासारखे बोलले. वाइंडर म्हणून त्यांनी तासगावातल्या एका कारागिराचं नाव घेतलं, मालकाशी पटत नाही म्हणे त्याचं. भागीदारीत तिसरं नाव हिचं घालायचं मी सुचवलं. आईने मान हलवली. आप्पा म्हणाले, बघू.

मग मी म्हटलं, १ तारखेपासून याला पगार सुरू करू. आप्पांनी धाकट्याकडे न बघता विचारलं, "किती?" त्याने आकडा सांगितला. आप्पांनी चष्मा काढला, उधारीची वही मिटली आणि म्हणाले, "उद्या बोलू."

आज सकाळी शटर आप्पांनी उघडलं. धाकटा अजून झोपलाय.